घासाघीस म्हणजे नेमकं काय चालतं?

निवडणूक जवळ आली की मराठी वर्तमानपत्रांत 'जागावाटपाची घासाघीस' सुरू होते. पुण्याच्या तुळशीबागेत चपलेच्या जोडासाठी चालते तीही घासाघीसच. पण एखादी बडी कंपनी दुसरी कंपनी विकत घ्यायला निघाली, की तिथे 'वाटाघाटी' होतात. लग्न ठरवायला दोन्हीकडची मोठी माणसं बसली की ती 'बोलणी'. चारही ठिकाणी चाललेलं काम एकच असतं. एकाला जास्त हवंय, दुसऱ्याला कमी द्यायचंय, आणि दोघांनाही व्यवहार मोडायचा नाहीये. तरी आपण तीन वेगळे शब्द का वापरतो, आणि त्या कामात आतून काय घडतं, हे जरा उलगडून पाहू.

आधी 'घासाघीस' हा शब्द. 'घासणे' या क्रियापदापासून तो तयार झाला. क्रियापद दोनदा उच्चारून, दोघांनी मिळून किंवा एकमेकांविरुद्ध केलेली क्रिया दाखवायची मराठीची जुनी रीत आहे: मारामारी, ढकलाढकली, रेटारेटी. मारामारी एकट्याला करता येत नाही, तशी घासाघीसही येत नाही. शेवटचं 'घीस' वेगळं काही सांगत नाही. टापटीप या शब्दात जसा 'आ'पाठोपाठ 'ई' येतो, तसाच हा कानाला बरा लागणारा बदल. म्हणजे शब्दाच्या पोटात दोन माणसं आहेत आणि झिजतात दोघंही. वापरात मात्र ठपका एकाच्याच माथी येतो. 'घासाघीस करणारं गिऱ्हाईक' असं आपण म्हणतो. 'घासाघीस करणारा दुकानदार' क्वचितच ऐकू येतं. दुकानदाराने दुप्पट भाव सांगितला तर तो 'सांगायचा भाव', आपण अर्धा मागितला तर ती घासाघीस!

शब्द स्त्रीलिंगी आहे: 'बरीच घासाघीस झाली', 'घासाघीस करून घेतली'. प्रत्यय लागला की 'घी' ऱ्हस्व होतो आणि 'स'चा 'श' होतो. घासाघिशीत, घासाघिशीनंतर. म्हैस-म्हशीला, कूस-कुशीत यांच्याच चालीने. 'घासाघीसमध्ये' असंही हल्ली सर्रास लिहिलं जातं. मला ते वाचताना अडखळायला होतं, पण बोलण्यात कुणी अडवणार नाही.

आता भावंडं. 'भाव करणे' हा सर्वांत साधा शब्दप्रयोग, त्यात निंदा नाही. 'पाडून मागणे' म्हणजे मुद्दाम लाजिरवाणा कमी आकडा सांगणे. 'सौदा' हा शब्द व्यवहारालाही लागतो आणि ठरलेल्या भावालाही. 'सौदेबाजी' म्हटलं की मात्र त्याला संशयाचा वास येतो. आमदार-नगरसेवकांची पळवापळवी असेल तर थेट 'घोडेबाजार'. 'रदबदली'त माणूस स्वतःसाठी बोलत नाही, दुसऱ्यासाठी शब्द टाकतो. 'मांडवली' हा मुंबईचा शब्द: भांडण आधीच झालेलं असतं आणि तिसरा माणूस मध्ये पडून ते मिटवतो, बहुतेक वेळा स्वतःचा वाटा काढून. 'तोडपाणी'त समोर सरकारी माणूस असतो आणि पावती नसते. 'तडजोड' हा या सगळ्याचा निकाल. घासाघीस चालू असते, तडजोड झालेली असते.

या यादीत 'घासाघीस' कुठे बसते? माझं निरीक्षण असं की हा शब्द आपण रकमेच्या आकारावरून लावत नाही, समोरच्याच्या प्रतिष्ठेवरून लावतो. बाई भाजीवालीशी बोलते ती घासाघीस, साहेब पुरवठादाराशी बोलतो ते 'निगोशिएशन'. राजकारणी अपवाद आहेत. त्यांच्या प्रतिष्ठेबद्दल वर्तमानपत्रांनी आपलं मत शब्दातूनच देऊन ठेवलंय. आणि लग्नातल्या देण्याघेण्याच्या घासाघिशीला 'बोलणी' हे सोज्वळ नाव देऊन आपण बरंच काही झाकलंय. हुंडा घेणं-देणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी 'आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या हौसेने काय ते करा' या वाक्यात भाव किती सफाईने सांगितला जातो, हे बैठकीला बसलेल्या कुणालाही विचारा.

आता यंत्र उघडून बघू. समजा कराडमध्ये एक जण आपली वापरलेली स्कूटर विकतोय. मनात त्याने ठरवलंय की ३२ हजारांच्या खाली द्यायची नाही. बघायला आलेल्याने ठरवलंय की ३८ हजारांच्या वर जायचं नाही. दोघांनी आपापला आकडा पोटात ठेवलाय.

"किती सांगता?"

"पंचेचाळीस."

"अहो, टायर बघा की, दोन्ही गेलेत. पंचवीस देतो."

"पंचवीस? बोलायचं म्हणून बोलू नका राव. आतापर्यंतची सगळी सर्व्हिसिंग शोरूमला झालीय."

"मग तुम्हीच शेवटचं सांगा."

"बेचाळीस. त्याच्या खाली परवडतच नाही."

या संवादातलं एकही वाक्य खरं नाही, आणि ते खरं नाही हे दोघांनाही ठाऊक आहे. ४५ हा भाव नव्हताच, २५ ही मागणी नव्हती, आणि 'शेवटचं' तर अजून बरंच लांब आहे. खरा प्रश्न ३२ ते ३८ या सहा हजारांच्या पट्ट्याचा आहे. ३२ च्या खाली विकणारा उठेल, ३८ च्या वर घेणारा उठेल. मधल्या कुठल्याही आकड्यावर दोघांचाही फायदा आहे. सौदा ३३ ला झाला तर सहापैकी पाच हजार घेणाऱ्याचे, ३७ ला झाला तर पाच विकणाऱ्याचे. टायर, सर्व्हिसिंग, 'राव' हे सगळं समोरच्याचा पोटातला आकडा हुडकायला चाललेलं असतं, स्वतःचा कळू न देता.

म्हणून पहिल्या आकड्याला इतकं महत्त्व. १९७४ साली आमोस त्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांसमोर आकड्यांचं चाक फिरवायचं. चाक मुद्दाम असं केलेलं की ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांमधल्या देशांत आफ्रिकेतले देश किती टक्के? चाकाचा या प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही. तरी १० पाहिलेल्यांचा अंदाज साधारण २५ टक्के आला आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५ टक्के. आधी कानावर पडलेला आकडा डोक्यात रुतून बसतो आणि पुढचा विचार त्याच्याच आसपास घुटमळतो. फॅशन स्ट्रीटचा पोरगा दोनशेच्या शर्टाला सहाशे सांगतो तो हेच शास्त्र जाणून. त्यावर 'साडेपाचशे घे' म्हणणारा त्याच्या अंगणात खेळतोय. 'दीडशे' म्हणणारा आपलं अंगण आखतोय.

आणखी एक गंमत. समजा स्कूटरवाल्याने पहिल्याच २५ ला 'घ्या' म्हटलं असतं, तर घेणाऱ्याला आनंद व्हायला हवा. होत नाही. त्याला दोन शंका येतात: स्कूटरमध्ये खोट आहे का, की मी वीसच म्हणायला हवं होतं? अनुभवी विक्रेता मनासारखा आकडा आला तरी लगेच हो म्हणत नाही. थोडा कुरकुरतो, बायकोकडे बघतो, मग 'बरं, तुमच्यासाठी म्हणून' असं म्हणतो. ही कुरकुर म्हणजे घेणाऱ्याला दिलेली पावतीच समजा.

बायकोकडे बघण्यातही युक्ती असते. 'घरी विचारून सांगतो', 'शेठने सांगितलंय, याच्या खाली देऊ नको' ही वाक्यं ऐकायला दुबळी, पण बोलणाऱ्याचे हात बळकट करणारी. ज्याला स्वतःला निर्णय घेता येतो त्याच्यावर दबाव टाकता येतो. ज्याचे हात बांधलेत त्याच्यावर टाकून उपयोग नसतो, मग समोरच्यालाच सरकावं लागतं. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने देशादेशांमधल्या संघर्षाबद्दल हीच गोष्ट मांडली, त्याला २००५ साली नोबेल मिळालं. आपल्याकडच्या गुमास्त्यांना ती आधीपासून पाठ होती.

मग त्या सहा हजारांची वाटणी कशी होते? जॉन नॅशने १९५० मध्ये गणित करून दाखवलं की दोन्ही बाजू सगळ्या बाबतींत सारख्या असतील तर फायदा निम्मा-निम्मा वाटला जावा. आपली स्कूटर ३५ हजारांना. पण बाजारात दोन बाजू सारख्या कधी असतात? १९८२ साली एरियल रुबिनस्टाईन या इस्रायली अर्थशास्त्रज्ञाने पुढची पायरी घेतली. आकडे आलटून पालटून मांडले जातायत, आणि उशिराचं प्रत्येकाला नुकसान आहे, असं धरा. तर मोठा वाटा त्याला मिळतो ज्याला वाट बघणं कमी महाग पडतं. स्कूटरवाल्याची बदली झाली असेल आणि पुढच्या आठवड्यात ट्रक भरायचा असेल, तर त्याला ३३ वर यावं लागेल, मग तो बोलण्यात कितीही वाकबगार असो.

रुबिनस्टाईनच्या गणितात आणखी एक मजेशीर निष्कर्ष आहे. दोघांना एकमेकांची अडचण आणि घाई पूर्ण माहीत असेल, तर घासाघीस होतच नाही. पहिला आकडाच असा येतो की समोरचा हो म्हणतो. म्हणजे आपण जी तासभर झटापट करतो ती मुळात माहिती नसल्याची किंमत आहे. घाई लपवणं हे घासाघिशीतलं निम्मं कौशल्य ते यासाठीच. वस्तू आवडली तरी चेहऱ्यावर दाखवू नकोस, असं आई बाजारात जाताना बजावते ते याच कारणाने.

थांबण्याची ऐपत ही गोष्ट नाशिककडच्या कांद्यात सर्वांत स्वच्छ दिसते. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर कोठारात, चार-पाच महिने राहतो. भाव पटला नाही तर शेतकरी ट्रॉली परत नेऊन वाट पाहू शकतो, अर्थात चाळ असेल आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर बसलं नसेल तर. खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. तो आला की विकावाच लागतो. टोमॅटोला तर दोन दिवसही दम नसतो. शेतकरी तोच, बोलणं तेच, समोरचे व्यापारीही तेच. पण पिकागणिक त्याची ताकद बदलते. लासलगावच्या लिलावात तसा शेतकरी बोलतच नाही. बोली व्यापारी लावतात, आणि तो ट्रॉलीपाशी उभा राहून आकडा ऐकतो. भाव नाकारायचा हक्क त्याला आहे. पण ट्रॅक्टरचं भाडं जाताना लागलं तसं परत येतानाही लागणार, आणि हे लिलावात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

ज्या वर्षी रुबिनस्टाईनचा निबंध छापून आला, त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे सुमारे अडीच लाख कामगार उभे राहिले. पण १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्याप्रमाणे कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांच्याशी बोलायला मालक बांधील नव्हते, आणि ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्यामागे कामगार नव्हते. घासाघिशीला निदान दोन माणसं लागतात. इथे दुसऱ्या खुर्चीचाच वाद होता. मग उरलं फक्त थांबणं. कामगार कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेले आणि शेतीच्या आधाराने पुष्कळ थांबले, मालकांना वाटलं होतं त्याहून जास्त. पण भिवंडीचे यंत्रमाग चालू होते, बाजाराला कापड मिळत होतं, आणि गिरणीखालची जमीन काही शिळी होत नव्हती. संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही. हजारो कामगारांना पुन्हा काम मिळालं नाही.

इतक्या मोठ्या गोष्टीवरून एकदम मासळी बाजारात येणं बरं दिसत नाही, पण घासाघिशीतली एक बारीक खुबी तिथेच नीट बघायला मिळते. मुंबईच्या बाजारात कोळीण अजूनही बरीच मासळी वाट्यावर विकते. पाट्यावर बोंबलांचा एक ढीग, तो वाटा.

"मावशी, कसा दिला वाटा?"

"दोनशे. ताजा आहे बघ, आत्ता उतरलाय."

"दीडशे देते."

"दीडशेला मला पण पडत नाही ताई. बरं, हे घे." आणि ती शेजारच्या ढिगातले तीन बोंबील उचलून या वाट्यावर टाकते. "आता बोलू नकोस. दे दोनशे."

भाव दोनशेच राहिला. माल वाढला. हिशेब केला तर कोळणीने भाव उतरवलाच की! मग तिने सरळ दीडशे किंवा पावणेदोनशे का म्हटलं नाही? कारण शेजारी आणखी दोन गिऱ्हाइकं उभी आहेत आणि त्यांचे कान इकडेच आहेत. एकदा 'दीडशे' हा आकडा हवेत गेला की पुढच्या प्रत्येक वाट्याची सुरुवात दीडशेपासून. तीन बोंबील मात्र कुणी मोजत नाही. भाजीवाल्याची मूठभर कोथिंबीर, चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी, सगळं याच जातीचं.

आणि हे फक्त पाटीवर माल विकणाऱ्यांचं शहाणपण आहे असं समजू नका. ठाण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये फ्लॅट घ्यायला जा. बिल्डर चौरस फुटाचा दर हलवत नाही. त्याऐवजी पार्किंग देतो, मॉड्युलर किचन देतो, 'स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून' म्हणतो. कारण तेच: त्याच इमारतीत आणखी ऐंशी फ्लॅट विकायचेत आणि वरच्या मजल्यावरचा शेजारी पहिल्याच भेटीत 'तुम्हाला काय दराने पडला?' विचारणार आहे. फ्लॅट घेताना दरावर डोकं आपटण्यापेक्षा पार्किंगसारख्या जास्तीच्या गोष्टी मागा, हा सल्ला जाणते लोक देतात तो याचसाठी.

तिसऱ्या कानाची ही धास्ती टोकाला गेली की हत्ता पद्धत जन्माला येते. चाकण, सांगोला अशा जनावरांच्या बाजारांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बैल आदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला, म्हणजे दातांवरून त्याचं वय काय, हे तोंड उघडून उघड्यावर बघायचं. चाल बघायची, खांद्याचा घट्टा बघायचा. भाव मात्र उपरण्याखाली किंवा रुमालाखाली. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घालतात. किती बोटं दाबली, कुठलं पेर धरलं यावरून आकडा कळतो. तोंडाने एकच शब्द बोलतात, शेकडा की हजार. वर चेहऱ्यावर रेष हलत नाही, खाली बोटं भांडत असतात. पटलं तर विसार, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम, हातावर ठेवायचा, की सौदा पक्का. विसार घेतल्यावर पुन्हा घासाघीस करणारा बाजारातून उठतो.

हीच रीत मुंबई-नवी मुंबईच्या घाऊक बाजारात हापूसच्या पेट्यांनाही लागली, आणि तिथे तिचा दुसरा चेहरा दिसतो. बैलाच्या बाजारात बैलाचा मालक समोर उभा असतो. आंब्याच्या बाजारात बागायतदार रत्नागिरी-देवगडला, आणि रुमालाखाली आडत्या, म्हणजे त्याचा माल विकणारा दलाल, आणि खरेदीदार. ठरलेला भाव त्या दोघांनाच माहीत. बागायतदाराला पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, लिहून येतो तो आकडा मान्य करावा लागतो. बाजार समित्यांची सगळी व्यवस्था, १९६३ चा त्यासाठीचा कायदा, उघड लिलावाच्या बाजूने उभी राहिली त्याच्या मुळाशी हाच संशय होता. दोघांमधली गुप्तता दोघांच्या सोयीची असते. तिसऱ्याच्या मालावर दोघांनी गुप्तता पाळली की त्याला घासाघीस हा शब्द फार सौम्य होतो.

कधी कधी सगळं जुळत असूनही सौदा मोडतो. याचंही गणित झालंय. १९८३ मध्ये रॉजर मायरसन आणि मार्क सॅटरथ्वेट यांनी सिद्ध केलं की दोघांचे आकडे पोटात असतील, तर बाहेरून पैसे न घालता, प्रत्येक फायद्याचा सौदा हमखास पार पडेल अशी कुठलीच पद्धत अस्तित्वात असू शकत नाही. चांगला मध्यस्थ नेमा, नियम बदला, काहीही करा. काही स्कूटरी विकल्या जाणार नाहीतच, जरी घेणारा ३८ ला तयार होता आणि विकणारा ३२ ला. आपापला वाटा वाढवायला दोघंही थोडं थोडं खोटं बोलतात, आणि कधी ते खोटं सौद्याच्या रुंदीपेक्षा मोठं होतं. तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात, पण कुठे तुटेल हे तुटल्याशिवाय कळत नाही ही खरी अडचण.

महाराष्ट्राला याचं उदाहरण २५ सप्टेंबर २०१४ ला मिळालं. विधानसभेच्या २८८ जागांची वाटणी जमेना, आणि शिवसेना-भाजपची पंचवीस वर्षांची युती मोडली. त्याच दिवशी काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही मोडली. चारही पक्ष वेगळे लढले. निकालात भाजपला १२२, शिवसेनेला ६३ जागा मिळाल्या. बहुमताला १४५ लागत होत्या. डिसेंबरात शिवसेना सरकारात सामील झाली. म्हणजे जो सौदा सप्टेंबरात झाला नाही तो वेगळ्या भावाने तीन महिन्यांत झाला. मधल्या काळात एक गोष्ट बदलली होती: पोटातले आकडे मतपेटीने सगळ्यांसमोर मांडले होते.

घासाघीस नकोच म्हणणारेही पूर्वीपासून आहेत, आणि त्यांचं सगळ्यात जुनं कारण नैतिक आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी एकच भाव ठेवायला सुरुवात केली. जो भाव घ्यायचा नाही तो सांगणं म्हणजे खोटं बोलणं, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे गिऱ्हाइकांना ते सोयीचं वाटलं. लहान पोराला दुकानात पाठवलं तरी फसगत होणार नाही. पुढे पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ पासून 'बाँ मार्शे' या दुकानात ठरलेल्या किमतीची चिठ्ठी लावायची रीत रुजवली. तिथे कारण नीतीचं कमी आणि पगाराचं जास्त होतं. घासाघीस करायला मुरलेला विक्रेता लागतो. चिठ्ठीवरचा आकडा वाचून दाखवायला नवखाही चालतो, आणि मोठ्या दुकानाला नवखे शेकड्यांनी लागतात.

आपल्याकडे 'एकच भाव'ची पाटी त्यानंतर आली, आणि छापील किमतीने तर ती प्रत्येक पुड्यावर नेऊन चिकटवली. या एमआरपीबद्दल एक गैरसमज मात्र घट्ट बसलाय. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची अट १९९० मध्ये आली. आज तीच गोष्ट २०११ च्या वैधमापन नियमांत आहे. शब्द 'कमाल' आहे. ही वरची मर्यादा झाली, ठरलेला भाव नव्हे. दुकानदाराला तिच्यावर एक रुपया घेता येत नाही, थंड करायचा चार्ज म्हणूनही नाही, आणि कुणी घेतला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. खाली मात्र कितीही येता येतं. तरी भाजीवालीशी पाच रुपयांसाठी अडून बसणारा माणूस मेडिकलमध्ये छापील आकडा निमूट देतो, 'काही कमी होईल का?' विचारायला त्याला लाज वाटते. छापलेल्या आकड्याला आपण उगाचच कायद्याचा दर्जा देतो. औषधांच्या बऱ्याच दुकानांत दहा-पंधरा टक्के नुसतं विचारल्यावर सुटतात.

आणि एकेकट्याने विचारण्याऐवजी सगळ्यांनी मिळून एकदाच विचारायचं, असाही रस्ता मुंबईत निघाला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचे, महिन्याच्या वाण्याच्या सामानाची मागणी आधी नोंदवायची, आणि पंचायतीने ती एकत्र करून थेट उत्पादकाकडून किंवा घाऊक बाजारातून माल उचलायचा. किलोभर तुरीच्या डाळीसाठी बाई वाण्याशी बोलते तेव्हा वाण्याला तिची गरज फारशी नसते. हजारो घरांची डाळ एकदम मागितली की व्यापारी स्वतः नमुना घेऊन येतो, आणि पाखडलेली की न पाखडलेली, पॉलिशची की बिनपॉलिशची, हेसुद्धा गिऱ्हाईक ठरवतं.